शिमग्याला जपान

१२ जानेवारी

चहात साखर कमी पडली तर कप पुढे सरकवून दाखवणारा माणूस, बायको जपानला जाते म्हणाली तर पेपरातून मान वर काढत नाही! दोनदा सांगितलं. "अहो, मी आणि आमना जपानला जाणार आहोत. मार्चमध्ये. चेरीची फुलं बघायला." तिसऱ्यांदा सांगितल्यावर पान उलटलं आणि म्हणाले, "बघू."

बघू! पस्तीस वर्षं ऐकतेय हा शब्द. माथेरान — बघू. भाचीच्या बारशाला नागपूर — बघू. बघता बघता त्या भाचीचं लग्न झालं.

आणि ते कॅलेंडर कोणी आणलं होतं घरात? यांनीच! हे धाटावला कंपनीत होते तेव्हा नवी मशिनरी बसवायला जपानी साहेब आले होते, त्यांनी सगळ्यांना वाटलं होतं. एप्रिलच्या पानावर एक नदी आणि दोन्ही काठांना गुलाबी झाडं. पान औषधालाही नाही, नुसती फुलं. वर्ष संपलं तरी मी ते काढलं नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे अजून आहे, फोडणीच्या धुराने पिवळं पडलेलं. भाकरी थापताना डोळ्यांसमोर तेच. शाळेतून दमून आले की पाणी पिताना तेच. ह्यांना कधी दिसलंच नाही ते? दार उघडलं की ते भिंतीकडे जातं, हे खरं. पण दार कधीतरी लावावं माणसाने.

आमनाला दिसलं. आमना शेजारची, मधे एक कुंपण. तिचा नवरा जन्मभर कुवेतला, तो गेला त्याला तीन वर्षं झाली. मुलगा दोहाला. ती म्हणते, "माझ्या घरातली मांजर सोडून सगळी इमानात बसली. मी आपली विमानतळापर्यंत, डबा घेऊन!" दिवाळीच्या फराळाला आली होती तेव्हा त्या पानाकडे बोट दाखवून म्हणाली, "सरू, हे बघून येऊ गो. गुडघे हायेत तोवर."

पैसे माझे, तिचे तिच्याकडे. परवानगी मागितलीच नव्हती मी. सांगत होते. आणि हे म्हणतात बघू.


१३ जानेवारी

बघू म्हणजे नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलंय मी, एवढं समजतं.


१७ जानेवारी

रोह्याहून पेणला जाऊन आले. आमनाचा भाचा फारुख याचं तिथे स्टँडजवळ ऑफिस आहे, उमराहला लोक पाठवतो. वडखळच्या नाक्यावर एसटी इतका वेळ उभी होती की आमनाने पिशवीतल्या शेंगा सोलून संपवल्या. जपानला पोचू, वडखळ ओलांडवत नाही!

फारुखच्या भिंतींवर मक्का, मदिना. मध्ये खुर्चीवर मी, कुंकू लावून. तो म्हणाला, "मावशी, आजवर मक्का-मदिना सोडून दुसरीकडचं तिकीट काढलं नाय मी. पण खालासाठी नि तुमच्यासाठी काढतो." त्याने फोनवर नकाशा दाखवला. जपानात म्हणे फुलं कुठल्या गावी कधी उमलणार याचा अंदाज जाहीर होतो, आपल्याकडे पावसाचा होतो तसा. गुलाबी रेघ दक्षिणेकडून वर वर सरकत जाते. टोकियोची फुलं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणून २३ ते ३१ मार्च ठरवलं. त्याच्या वर्गात होता तो पेणचा अस्लम टोकियोत एका हॉटेलात आचारी आहे, त्याच्या ओळखीने खोली मिळेल.

आमना म्हणाली, "रमजान येतंय मधे."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय. प्रवासात सूट असते. पण मी रोजे ठेवणार. फुलं काय खायची नायत, बघायचीच हायेत!"

येताना एसटीत आम्ही दोघी उगाच हसत होतो. घरी आल्यावर ह्यांना तारखा सांगितल्या. "अच्छा," म्हणाले. बघूची जागा अच्छाने घेतली. याला प्रगती म्हणायची का?


२१ जानेवारी

हैबतराव भावजी आले. माझे धाकटे दीर. कोलाडच्या पुढे आमचं गाव, तिथली शेती आणि घर तेच बघतात. आणि आमचं आयुष्यही, न सांगता. वालाच्या शेंगांची पिशवी ठेवली, पाणी प्यायले, आणि माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाले, "दादा, शिमगा पंचवीसला हाय."

म्हणजे ह्यांनी फोन केला होता! माझ्याशी 'अच्छा', आणि भावाला फोन!

होळीच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी गावात घरोघरी फिरते. पहिली आमच्या दारात. पालखी टेकली की घरातल्या थोरल्या सुनेने देवीची ओटी भरायची. थोरली सून मी. लग्न झाल्यापासून एक शिमगा चुकवलेला नाही. मुलगा पोटात आठ महिन्यांचा असतानाही वाकून भरली होती.

भावजी म्हणाले, "पालखी दारात नि घरची थोरली सून जपानात? लोक काय बोलतील?"

मी म्हटलं, "हौसा भरेल की एक वर्ष. तीही सूनच आहे." हौसा म्हणजे भावजींची बायको.

"मान थोरलीचा असतो, वहिनी."

मान! त्या मानासाठी मी पहाटे उठून पुरणाची डाळ शिजवते, आणि पालखी उठली की बायकांनी उष्टी काढायची. मान वर्षातून पाच मिनिटं. बाकीच्या वेळी कोणी विचारत नाही की वहिनी, तुमचं काय मत. हे सगळं ओठांवर आलं होतं. बोलले नाही. आता इथे लिहून हात दुखतोय.

हे शेंगा निवडत बसले होते.


२४ जानेवारी

मुलाचा पुण्याहून फोन. "आई, यूट्यूबवर फार सुंदर व्हिडिओ आहेत. मोठ्या टीव्हीवर लावून देतो. अगदी तिथे असल्यासारखं वाटतं."

म्हटलं, "तुझं लग्न पण टीव्हीवरच बघायला हवं होतं मी." ठेवून दिला.


४ फेब्रुवारी

इतका राग कधी आला होता ते आठवत नाही.

हे सकाळी 'गावी जाऊन येतो' म्हणून गेले. दुपारी परत आले. पायरीवर बसून चपलेचा पट्टा सोडत म्हणाले, "देवीला कौल लावला. शिमग्यातल्या तुझ्या जाण्याबद्दल."

आमच्याकडे मोठं काही करायचं असेल तर देवीला विचारतात. घर बांधणं, लग्न, विहीर. काळुराम गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी मानते. हे इथेच लिहून ठेवते, मी मानते. मुलगा दहावीला असताना मीच कौल लावला होता.

पण माझा प्रश्न, आणि मला न सांगता? मी घरी कपडे वाळत घालत होते, आणि तिकडे भावजी, हे आणि गुरव मिळून माझ्याबद्दल देवीला विचारत होते!

"काय दिलं?" मी विचारलं.

"डावा."

एवढंच. दुसरी चप्पल काढली आणि आत जाऊन झोपले.


५ फेब्रुवारी

आमनाला कुंपणाशी सांगितलं. तिने हातातली टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "तुझी देवी बाईच हाय ना गो?"

"हो."

"मग तिनं असं कसं केलं?"

मला रडू आलं. रागानेच आलं. देवीचा राग करता येत नाही, ह्यांचा करून काही उपयोग नाही, भावजींचा करायला ते इथे नाहीत. सगळा राग घरातल्या घरात. तांब्या आपटला, त्याला पोचा आला.


८ फेब्रुवारी

मीच तोड काढली. कौल शिमग्याच्या दिवसांतल्या जाण्याला होता. मग शिमग्याच्या आधी जाऊन आले तर? १३ ला निघायचं, २१ ला परत. पालखीच्या दिवशी मी दारात ताट घेऊन हजर!

ह्यांना सांगितलं. फार पटकन म्हणाले, "हां, मग काय हरकत नाय." भावजींनाही फोनवर पटलं. सगळ्यांना पटलं की समजावं, आपलं काहीतरी गेलं.

फारुख एकटा नाही म्हणाला. "मावशी, फुलं तोवर आली नसली म्हंजे? त्यांना काय आपला शिमगा कळतोय?" पण यंदा आमच्याकडे आंब्याला मोहोर लवकर आलाय, चिंचेखालचा आंबा तर डिसेंबरातच फुलला. हवा सगळीकडेच लवकर तापतेय. तिकडेही लवकर येतील, असं मीच म्हटलं. तारखा बदलल्या. ही तिकिटं आता बदलायची नाहीत अशा बोलीवरची आहेत.


२० फेब्रुवारी

व्हिसा आला! आमनाने शेवयांची खीर केली. ह्यांना वाटी दिली तर म्हणाले, "कसली?" व्हिसाची म्हटल्यावर अर्धी ठेवली. साखर जास्त आहे म्हणे! रोज कमी पडते ती आज जास्त झाली.


३ मार्च

आल्या आल्या लिहितेय.

रोह्याच्या बाजारात मैना भेटली, काळुराम गुरवाची बायको. वाल विकायला बसली होती. मला बघून हाक मारली, "बाय, इकडं ये गो." शेजारी बसवलं. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "जपानला लवकर चाललीस म्हणं? कशाला गो? देवीनं तर शिमग्यातच जा म्हणून सांगितलंनी."

मी म्हटलं, "डावा दिला ना?"

"डावा? कोण बोलला? मी तितंच झाडत होते, बाय! गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आदी उजवी कळी खाली! आमचा म्हातारा पण बोलला, असा कौल लय वर्सांनी बगितला."

वालाची पिशवी तिथेच विसरून आले.

देवीने हो म्हटलं होतं. विचारल्या विचारल्या हो म्हटलं होतं! आणि ह्या दोन भावांनी देवीचा शब्द फिरवून मला सांगितला. मी महिनाभर देवीला बोल लावत होते. तिच्यापुढे दिवा लावताना तिच्याकडे बघत नव्हते!


४ मार्च

विचारलं. समोर उभी राहून विचारलं, "कौल काय होता?"

त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. बंद नाही केला, बारीक केला.

"हैबत म्हणाला, वहिनींना डावा सांग. घराचं नाव जाईल."

"आणि तुम्ही सांगितलंत."

त्यांनी रिमोट या हातातून त्या हातात घेतला.

"देवीच्या नावाने खोटं? तुम्ही? उपवासाच्या भाजीत हळद पडली का म्हणून चौकशी करणारे तुम्ही?"

गप्प! भिंत बरी, निदान डोकं आपटता येतं. मी पुष्कळ बोलले. लग्नापासूनचं सगळं बोलले. शेजारी आमनाच्या घरातली भांडी थांबली इतकं मोठ्याने. शेवटी ते म्हणाले, "तू एवढ्या लांब... मला घरात काय सुचलं नसतं." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

हे आधी म्हणाले असते तर! खोटं बोलायच्या आधी! मी त्यावर विरघळलेही असते, मूर्ख मी. आता नाही विरघळत.

तारखा परत बदलता येतात का म्हणून फारुखला विचारलं. नाही. जायचं तर तेराला जा, नाहीतर घरी बसा.


१० मार्च

बोलत नाही आहे. ताट वाढते, कपडे धुते, औषधाच्या गोळ्या वाटीत काढून ठेवते. शब्द नाही. त्यांनी दोनदा घसा खाकरला. खाकरू देत.

बॅग भरली. वरच्या फळीवरची बॅग त्यांनी न सांगता काढून, पुसून ठेवली होती. मी ती बाजूला सारून आमनाकडची दुसरी आणली.


१३ मार्च

विमानतळ. काल पहिला रोजा. आमना खिशात खजूर घेऊन बसली आहे, घड्याळ कुठल्या गावाचं धरायचं म्हणून फारुखला फोनवर छळते आहे. "ढगाच्या वर सूर्य लवकर मावळतो की उशिरा रे?" फारुखला माहीत नाही.

हे सोडायला पनवेलपर्यंत आले. मी खिडकीतून बाहेर बघत होते. उतरताना म्हणाले, "सांभाळून." मी मान हलवली. एवढं पुष्कळ झालं.


१५ मार्च

टोकियो. थंडी अशी की दात वाजतात. अस्लम घ्यायला आला, मुलगा गुणी आहे. पेणची बोली अजून तशीच. हॉटेलाच्या वरची खोली आमची. आमनाला इफ्तारला त्याने भजी तळून आणली, ती बिचारी रडलीच.

झाडं बघितली. हजारो आहेत. काळी, ओली, वाकडी. एक फूल नाही.


१८ मार्च

रोज जातो. नदीच्या काठाने चालतो, कॅलेंडरातल्या नदीसारखी नदी. दोन्ही बाजूंना काटक्या. काटक्यांना टोकाला गव्हाएवढ्या तपकिरी गाठी. आमच्यासारखी आणखी माणसं येतात, वर बघतात, जातात. एक जपानी आजी रोज भेटते. आज तिने बोट गाठीवर ठेवलं, मग डोळे मिटून गालावर हात ठेवून दाखवलं. झोपली आहेत अजून.

अस्लम म्हणतो यंदा थंडी लांबली, अंदाज पुढे गेलाय. महिनाअखेर फुलतील. महिनाअखेर! म्हणजे आमच्या पहिल्या तारखा होत्या तेव्हाच! देवीने हो म्हटलं होतं तेव्हाच!

काटक्या बघायला आणलं मला. दोन पुरुषांनी आपल्या घराचं नाव राखलं आणि मला जपानात काटक्या दाखवल्या. आंब्याच्या मोहोरावरून हिशेब करणारी मी शहाणी, माझाही राग येतो. पण माझा नंतर. आधी त्यांचा.


२० मार्च

उद्या परत. बॅग भरून झाली होती. आमना नमाज आटपून बसली होती, मी तिच्या शेजारी बसले. म्हटलं, "तुला ईद कधी?"

"दहा की अकरा. चंद्र सांगेल. का गो?"

"तोवर घरी पोचलो तर चालेल?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग उठली आणि माझी बॅग उघडून शालीची घडी मोडली. म्हणाली, "थांबू. मी काय डबा घेऊन विमानतळावरून परत जायाला आलेय?"

अस्लमला सांगितलं. तो म्हणाला, "रहा की मावशी, खोली कोण मागतंय." व्हिसाचे दिवस आहेत. जुनी तिकिटं बुडाली. बुडू देत. फारुख आठ एप्रिलची काढून देतो म्हणाला.

मग घरी फोन. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी बोलले. "मी येत नाही. फुलं बघितल्याशिवाय येत नाही. पालखीला हौसाला सांगा."

वाटलं ओरडतील. ओरडावं अशी इच्छा होती! मलाही ओरडायचं होतं.

म्हणाले, "बरं."

बरं! बघू, अच्छा, हरकत नाय, आणि आता बरं! माणूस आहे की कुकरची शिट्टी काढून ठेवलीय?


२५ मार्च

आज पालखी. पहाटेच जाग आली. हात आपोआप डाळ निवडायला जातात. इथे काय निवडणार! खिडकीतून सायकली बघत बसले. आता ढोल वेशीवर आले असतील, आता आमच्या दारात. हौसा नवी साडी नेसली असेल. भरू दे, तिचाही एक दिवस.

वाईट वाटलं. खूप वाटलं. आमनाला म्हटलं, चुकले का गं मी? ती म्हणाली, "देवी हो बोलली ना? मग तू तिचंच ऐकलंस. चुकली ती बाकीची."

संध्याकाळी फोन केला. "झालं का पालखीचं?"

"झालं," म्हणाले.

"नीट?"

"हां. थंडी हाय का तिकडं?"

थंडीची चौकशी. ठेवला.


२९ मार्च

उमललं!

सकाळी पाऊस होऊन गेला होता. नदीच्या वळणावरचं एक झाड, त्याच्या बुंध्यालाच, फांदी नसताना, पाच फुलं. लोक त्याच्याभोवती उभे. कोणी आवाज करत नव्हतं. जपानी आजीने माझी बाही ओढली आणि दाखवलं, जणू तिच्याच घरचं कोणी आलंय.

जवळून गुलाबी नाहीतच ती. पांढरीच, कडेला जरा लाज आल्यासारखी. कॅलेंडरवाल्यांनी रंग जास्त ओतला होता.

आनंद झाला, आणि त्याच्या मागोमाग राग. एवढंसं तर होतं! एवढंसं बघायला जन्म गेला! माथेरानला नेलं असतं, नागपूरला नेलं असतं, तर कदाचित जपानपर्यंत यावंच लागलं नसतं मला. आमना म्हणाली, "बघ ना मुकाट्यानं. फुलासमोर तरी भांडू नको."


३ एप्रिल

झाडं भरली. पान नाही, नुसती फुलं, अगदी त्या पानावरच्यासारखी. आम्ही झाडाखाली चटई टाकून बसलो होतो. आमना रोज्याची, मीही मग काही खाल्लं नाही.

आणि तिथे हौसाचा फोन! तिने कधी फोन करू नये आणि आजच करावा.

"वैनी, फुलं बघितलात का पोटभर? हितं तुमच्यापायी काय झालं ते ऐका! पालखी दारातनं तशीच उठली! ओटीबिगर! कोणाच्या बापजन्मात असं झालं नाय! पुढल्या साली आमच्या घरचा खांदा काढून घेणार, पालखी आमच्या दारात थांबणार नाय, गावकीनं बैठक घेऊन सांगितलंनी. बाया पाणवठ्यावर बोलत नायत माझ्याशी. तुमच्यापायी!" आणि ठेवून दिला. मला एक अक्षर बोलू दिलं नाही.

माझ्यापायी! ताट हातात होतं ना हौसाच्या? दोन पायांवर उभी होती ना? मग भरली का नाही ओटी? मी नव्हते म्हणून देवी उपाशी ठेवली, आणि खापर माझ्या डोक्यावर! आणि हे मला म्हणतात 'झालं'! 'थंडी हाय का'! पुन्हा खोटं! देवीच्या नावाने एकदा खोटं बोलून भागलं नाही, पुन्हा!

पालखीला खांदा द्यायचा आमच्या घराचा मान गेला. सासऱ्यांनी आजारपणातही कोणाला दिला नव्हता तो. मला आता गावात पाय ठेवता येईल का? अंगावर फुलाची पाकळी पडली तर झटकून टाकली मी. वर बघवेना.

उद्या फोन करून असं बोलणार आहे की जन्मभर लक्षात राहील.


४ एप्रिल

केला. नदीकाठी उभी राहून केला. "पालखी ओटीशिवाय का उठली?"

तिकडचा टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, "मीच उठवली."

"म्हणजे?"

"हौसा ताट घेऊन आलेली. मी उंबऱ्यात आडवा उभा राहिलो. सगळ्या गावासमोर बोललो, कौल उजवा होता. खोटं मी बोललो. हैबतनं सांगितलं, पण तोंड माझं होतं. देवीनं सरूला पाठवलंय, तर ओटी सरूच भरील, ती येईल तवा. दुसऱ्या कोणाची नाय." श्वास घेतला. "मग उठली पालखी. हैबत त्या दिवसापासून बोलत नाय. मी गावी जात नाय."

मी ओरडले. "मला विचारलंत का? हेही मला न विचारताच केलंत!" माणसं वळून बघायला लागली.

"नाय विचारलं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "फुललं का?"

कॅमेरा सुरू केला आणि फोन झाडाकडे वर धरला. हात भरून आला तेव्हा आमनाने कोपराखाली आपला हात दिला.